खावटीचे दिवस

मे महिना सरत आला की आपल्या वसईच्या घरांत आगोटीची लगबग सुरू होते. आता ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. दुकाने दारात आली, घरोघरी फ्रीज आला. तरी जुन्या माणसांना विचारावे. तांदळाची कणगी, वाल, सुके बोंबील, सुकट, मसाल्याच्या बरण्या, पावसाआधी वाळवून रचलेले सरपण! चार महिने आभाळ कोसळत राहिले तरी चूल अडणार नाही एवढी बेगमी झाली, म्हणजे घरची बाई निश्चिंत होई. आगोट भरणे हा आपल्याकडे जवळजवळ धर्माचारच होता.

ज्या दिवसांत आपली घरे भरत, त्याच दिवसांत येथून शंभरेक किलोमीटरांवरील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत घरे रिती होत. आजही होतात. दिवाळीच्या आगेमागे घरात आलेले भात, नागली, वरई उन्हाळ्यातच तळाला जाते. बियाणे तेवढे राखून ठेवावे लागते. ते खाल्ले तर पुढचे वर्ष बुडाले. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे महिने शेतात सर्वांत अधिक कष्टाचे आणि ताटात सर्वांत कमी अन्नाचे. मग रानातले कडूकंद उकडून, त्यांचा कडूपणा काढून खायचे, शेवळी आणि टाकळा शोधायचा, आणि तेही पुरेना झाले की कोणाकडून तरी धान्य उसने आणायचे. या उसन्या धान्याला तिकडे नाव आहे, खावटी. या एका शब्दाच्या मागोमाग चालत गेले, तर आपल्या राज्याने भुकेविरुद्ध काय केले आणि ते कोठे अडले, याचा बराचसा इतिहास हाती लागतो.

खावटी प्रथम सावकाराची. पावसाळ्यात मणभर भात द्यावे आणि कापणीनंतर सव्वा मण किंवा दीड मण परत घ्यावे, ही सवाई-दिढीची रीत महाराष्ट्राला नवी नव्हे. परंतु ज्याच्या खळ्यावर मुळातच सहा महिन्यांचे धान्य पडते, त्याने त्यातून दिढी चुकवली की उरते चार महिन्यांचे; म्हणजे पुढच्या वर्षीची खावटी अधिक मोठी. हिशेब लिहिणारा एकच, वाचणाराही तोच. जमिनी गेल्या, त्यामागून माणसे गेली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही सावकाराच्या घरी राबावे, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणावे, हा प्रकार ठाणे जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघडपणे चालू होता.

सरकारदरबारी त्याची सविस्तर नोंद झाली ती १९३७ नंतर. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी केली आणि १९३९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंग्रज अधिकाऱ्याची ती नोंद आजही वाचण्याजोगी आहे. पण अहवालाने वेठ सुटली नाही. ती सुटली १९४५ मध्ये, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पाठीशी वारली उभे राहिले तेव्हा. गोदावरीबाईंनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. त्यांच्या लाल झेंड्याविषयी आमच्या सेमिनरीच्या काळात फार बरे बोलले जात नसे. पुस्तक मात्र मी तेथेच, एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंच्या कपाटातून घेऊन वाचले.

सावकाराच्या बाजूने एक शब्दही लिहिण्याची माझी इच्छा नाही. तरी त्याला एक गोष्ट अचूक ठाऊक होती, ती म्हणजे पंचांग. कोणत्या पंधरवड्यात कोणाच्या घरातले धान्य संपेल हे त्याला कळत असे, आणि तो नेमका त्या वेळी हजर असे. त्याने दाखला मागितला नाही, फॉर्म भरून घेतला नाही. घेताना त्याने सर्वस्व घेतले, पण देताना उशीर केला नाही. सरकारला हे पंचांग उमगायला फार काळ लागला.

त्याचे कारण आपल्या राज्यकारभाराच्या जन्मातच आहे. भूक म्हटली की इंग्रजी राज्याच्या डोळ्यांपुढे दुष्काळ उभा राही. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो माणसे मेली. त्यानंतर दुष्काळ आयोग बसला, त्याने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. पाऊस हुकला, पीक बुडाले, की दुष्काळी कामे काढावीत; ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट शिधा द्यावा. आपल्या काळाच्या मानाने ती व्यवस्था पुष्कळच शहाणपणाची होती. पुढे तिच्याच पोटातून आणेवारीची पद्धत दृढ झाली. पीक रुपयात किती आणे आले, नंतर किती पैसे आले, हे ठरवायचे. पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई जाहीर करायची.

जव्हारला पाऊस हुकत नाही. तेथे तो मुसळधार पडतो, डोंगरउतारावरची माती घेऊन ओढ्यांना जातो. जेथे आभाळाने कधी दगाच दिला नाही, तेथे दुष्काळाच्या व्याख्येत बसणार तरी काय? दरवर्षी येणारी, तीन महिने राहणारी आणि कोणाला मोठा बातमीचा विषय न वाटणारी भूक संहितेच्या चौकटीबाहेर राहिली. शब्दांचेही पाहा. १९६३ मध्ये महाराष्ट्राने कायदाच केला आणि राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्द काढून तेथे ‘टंचाई’ हा शब्द घातला. हेतू वाईट नसेलही. राज्य आता दुष्काळ पडू देणार नाही, असा तो आत्मविश्वास असेल. पण शब्द बदलण्याची ही सवय पुढे महाग पडली.

रेशनची गोष्ट आपल्या घरांना परिचित आहे. १९४३ मध्ये, बंगालात माणसे रस्त्यावर मरत असताना, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. रेशन मूळचे शहरासाठी होते आणि त्यासाठी लागणारे धान्य लेव्हीच्या रूपाने खेड्यांतून उचलले जाई. भातशेती करणाऱ्या कुटुंबांत लेव्हीच्या गोष्टी अजून सांगतात. शहराचे पोट भरण्यासाठी उभी राहिलेली ही व्यवस्था डोंगरातल्या पाड्यापर्यंत पोहोचली ती फार उशिरा, आणि पोहोचली तेव्हाही दुकान दहा-बारा किलोमीटरांवर, धान्य महिन्यातून एकदोन दिवस, आणि तेही रोख पैसे मोजून.

पैसे कोठून यावेत, या प्रश्नावर महाराष्ट्राने दिलेले उत्तर मात्र साऱ्या देशाने उचलावे असे होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला. काम मागेल त्याला काम द्यायचे. १९७२-७३ चा दुष्काळ आला तेव्हा तोच विचार कामी आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो हे सारे त्या पिढीच्या स्मरणात कायमचे राहिले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. सरकारकडे काम मागणे हा नागरिकाचा हक्क आहे असे म्हणणारा असा कायदा तोपर्यंत आपल्या देशात झाला नव्हता. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे मूळ येथे आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला तर तो रास्तच होय.

परंतु जव्हार-मोखाड्याच्या बाजूने पाहिले तर त्यातही एक फट दिसते. हमीची कामे मातीची, म्हणजे मुख्यतः उन्हाळ्याची. भुकेचे महिने पावसाचे. शिवाय हमीचा पैसा काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, मंजुरी आल्यावर मिळायचा. वीटभट्टीचा मालक उचल देतो ती काम सुरू होण्याआधी, भर पावसात, घरात दाणा नसताना. सावकार गेला, पण त्याचे पंचांग भट्टीवाल्याकडे राहिले.

हे पंचांग सरकारने पहिल्यांदा मनावर घेतले ते १९७८ मध्ये. त्या वर्षी सुरू झालेल्या योजनेला नाव दिले गेले तेच मुळी खावटी कर्ज योजना. आदिवासी विकास महामंडळाने पावसाळ्यात कुटुंबाला काही धान्य आणि काही रोख द्यावे, सावकाराच्या दारात जाण्याची वेळ येऊ देऊ नये, अशी ती कल्पना. लोकांच्याच तोंडचा शब्द सरकारी कागदावर आला ही लहान गोष्ट नव्हे. पण कर्ज ते कर्जच. ज्याचे पीक सहा महिने पुरत नाही, त्याने खाल्लेले धान्य कोठून फेडावे? थकबाकी साचत गेली, आणि जुनी बाकी असेल त्याला नवे कर्ज मिळेना. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक गरज तोच बाहेर. थकलेली कर्जे माफ करण्याची वेळ अखेर सरकारवर आली आणि २०१३-१४ नंतर ही योजना थांबली.

मध्यंतरी १९९२ उजाडले. त्या वर्षीच्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या १७७५ दुर्गम, आदिवासी व अवर्षणग्रस्त गटांसाठी सुधारित रेशन व्यवस्था जाहीर केली होती. आणि त्याच १९९२-९३ च्या काळात जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथून बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. सव्वाशेच्या आसपास मुले दगावल्याचा आकडा वृत्तपत्रांतून आला आणि पुढे वर्षानुवर्षे तोच सांगितला गेला. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक वावरला गेले. मुंबईपासून इतक्या जवळ असे काही घडते, याचा शहरांना धक्का बसला. तेव्हा मी तरुण होतो. आमच्यापैकी कित्येकांनी जव्हारचे नाव तोपर्यंत सहलीच्या निमित्ताने, धबधब्यासाठी किंवा राजवाड्यासाठीच ऐकले होते.

येथेही शब्दांचा खेळ झाला. हे भूकबळी नव्हेत, कुपोषण आहे. कुपोषणही नव्हे, मुले गोवराने, अतिसाराने, न्यूमोनियाने गेली. वैद्यकीयदृष्ट्या ते खोटे नाही. भुकेले मूल क्वचितच नुसत्या भुकेने मरते. भूक दार उघडून ठेवते आणि आत येतो तो आजार. पण दाखल्यावर नाव लागते आजाराचे. राज्यात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू आणि सरकारी वहीत नोंदले जाणारे बालमृत्यू यांतली तफावत किती मोठी आहे, हे पुढे डॉ. अभय बंग यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवून दिले.

वावर-वांगणीची चर्चा आणि मेळघाटातील बालमृत्यूंबाबत उच्च न्यायालयात चाललेले प्रकरण यांच्या रेट्यामुळे १९९५ मध्ये राज्याने नवसंजीवन योजना आखली. तिचे महत्त्व असे की, भूक हा एका खात्याचा विषय नाही हे तिने मान्य केले. आरोग्य, अंगणवाडी, रोजगार हमी, रेशन, खावटी आणि धान्यकोश यांचा एकत्र विचार करायचा. पावसाने वाट बंद होणाऱ्या गावांत चार महिन्यांचे धान्य आधीच नेऊन ठेवायचे. सरकारी यंत्रणेने डोंगरातल्या पाड्यासाठी आगोट भरायची, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. जेथे अधिकारी मन लावणारा मिळाला तेथे हे चांगले चालले. जेथे नाही, तेथे बैठकांचे इतिवृत्त तेवढे व्यवस्थित राहिले.

त्यानंतरचा काळ कार्डांचा. १९९७ मध्ये सर्वांसाठी असलेले रेशन दारिद्र्यरेषेने दुभागले. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आली. कार्डाच्या रंगावर घरातल्या भाकरीचे मोल ठरू लागले, आणि पाड्यावरची कित्येक कुटुंबे रंगात चुकली किंवा कार्डाविनाच राहिली. २००० च्या नाताळच्या दिवशी अंत्योदय योजना सुरू झाली. सर्वांत गरीब कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य, २००२ पासून ३५ किलो, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये दराने. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा दावा गेला आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने या साऱ्या योजना सरकारच्या मर्जीवर न राहता लोकांच्या हक्काच्या झाल्या. २००३ मध्ये न्यायालयाने आदिम जमातींना अंत्योदयात घ्या असे सांगितले. आपल्याकडे कातकरी त्यात मोडतात. शेवटी २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात तो लागू झाला. राज्यातल्या सुमारे ७ कोटी माणसांना दरमहा धान्य. आकडा लहान नाही. पाऊण शतकापूर्वी सिमिंग्टनच्या वाचकांना तो स्वप्नवत वाटला असता.

आणि तरीही.

२०१३ च्या नाताळात, मी तेव्हा ज्या धर्मग्रामात होतो तेथील तरुण मंडळींबरोबर जवळच्या वीटभट्ट्यांवर गेलो होतो. दरवर्षीचा आमचा क्रम. ब्लँकेटे, मुलांना केक आणि फुगे, थोडी गाणी, फोटो. एका कोपीत एक कातकरी बाई चुलीशी बसली होती. तिची मुले फुग्यांकडे धावली, ती उठली नाही. मी काही विचारावे म्हणून रेशनकार्ड आहे का असे विचारले. आहे, म्हणाली; पिवळे आहे, गावी सासूकडे आहे. दर महिन्याला धान्य येते, पण ते तेथे, मोखाड्यात. येथे आठवड्याच्या बाजाराला मालक देतो त्या खर्चीतून तांदूळ आणायचा आणि तो हिशेबात उचलीवर चढतो. गावी ठेवलेल्या म्हाताऱ्या सासूला एकटीला इतके धान्य लागत नाही, आणि ते आणायला दुकानापर्यंत जाणेही तिला जमत नाही.

इतकी वर्षे भट्ट्यांवर जाऊन हा प्रश्न मला आधी कधी सुचला नव्हता. ब्लँकेट देणे सोपे होते. त्या रात्री मिस्साविधीत प्रवचन केले ते घर सोडून बेथलेहेमला गेलेल्या, तेथे जागा न मिळालेल्या एका कुटुंबावर. आणि बोलता बोलता मलाच ते अवघड जाऊ लागले.

कारण सरकारच्या सर्व योजनांत, चांगल्यांतल्या चांगल्या योजनांतही, हा एक दोष राहून गेला होता. त्या पत्त्यावर राहतात. रेशन गावच्या दुकानात, अंगणवाडीचा आहार गावच्या पाटावर, हमीचे काम गावच्या शिवारात. आणि भूक मात्र माणसाला पहिल्यांदा पत्ताच सोडायला लावते. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे ओस पडतात; माणसे भिवंडीला, कल्याणला, आपल्या वसईच्या पूर्वपट्टीत आणि गुजरातेत जातात. ती निघतात तेव्हा त्यांचे हक्क मागे उंबऱ्यावर राहतात.

यावर उपाय निघाला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालावे, अशी सोय ज्या पहिल्या चार राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. पुढे ती देशभर झाली. कुटुंबातल्या काहींनी गावी आणि काहींनी कामाच्या ठिकाणी आपापला वाटा उचलावा, हेही शक्य झाले. २०२३ च्या जानेवारीपासून धान्याचे पैसेही घेणे बंद झाले. माझ्या मते, हक्काच्या कायद्यानंतर या साऱ्या इतिहासात दुसरे मोठे पाऊल कोणते असेल तर हेच. मुलांच्या आहाराचे मात्र तितके सोपे नाही. मूल ज्या अंगणवाडीच्या पटावर आहे ती मागे राहते. बाहेरगावी गेलेल्या माता-मुलांचा माग ठेवून त्यांना जातील तेथे आहार द्यावा, असा प्रयत्न राज्याने २०२१-२२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू केला आणि पालघर त्यांत होता.

गावी राहणाऱ्यांसाठी २०१५ च्या डिसेंबरपासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावे अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक पूर्ण जेवण. डाळ, भात, भाकरी, भाजी, लाडू, अंडे. पुढच्या वर्षी लहान मुलांना अंडी आणि केळी. धान्याच्या पोत्यावरून ताटातल्या जेवणावर सरकारची नजर प्रथमच इतकी स्पष्टपणे गेली. तरीही २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्याच्या बातम्या पुन्हा आल्या, पुन्हा मंत्री गेले, आणि या वेळी लोकांनी त्यांना रागाने प्रश्न विचारले.

खावटीची गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्यांवरून, बांधकामांवरून माणसे पायी परतली. त्या पावसाळ्यात सरकारने बंद पडलेली खावटी पुन्हा काढली, आणि या वेळी कर्ज म्हणून नव्हे, पूर्ण अनुदान म्हणून. दर कुटुंबाला ४,००० रुपये. २,००० बँकेत आणि २,००० च्या वस्तू. कडधान्ये, डाळी, तेल, साखर, चहा, मीठ, मसाला. साडेअकरा लाखांहून अधिक कुटुंबांसाठी ही तरतूद होती. सवाई नाही, दिढी नाही, परतफेड नाही. चाळीस वर्षांपूर्वी जे म्हणायला हवे होते ते सरकारने एकदाचे म्हटले. मात्र याद्या, पडताळण्या, खरेदी यांत वेळ गेला, आणि वस्तूंचे वाटप झाले ते २०२१ उजाडल्यावर.

गेल्या उपवासकाळात आमच्या सध्याच्या धर्मग्रामातील महिला मंडळाने ब्लँकेटांऐवजी दुसरे काम घेतले. भट्टीवरच्या ज्या बायकांनी कार्ड बरोबर आणले होते त्यांना घेऊन त्या जवळच्या रेशन दुकानात गेल्या. पहिल्या दुकानदाराने हे कार्ड येथील नाही म्हणून परत पाठवले. दुसऱ्याने मशीन पुढे केले. माती मळून आणि विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या. एकीचा अंगठा तीनदा लावूनही उमटला नाही, मग दुसरे बोट लावले, तेव्हा पावती आली. तिने तांदूळ पदरात घेतला आणि ती भट्टीकडे घाईने निघाली. खर्चीचा बाजार अजून तीन दिवसांवर होता.